अस्थींची साक्ष

ठाण्याच्या वा कल्याणच्या खाडीकाठी बेवारस सांगाडा आढळला, की पंचनाम्यानंतर पहिला सवाल उद्भवतो तो अस्थी मानवी आहेत काय हा; आणि त्या मानवी ठरल्यावर श्रोणीच्या घडणीवरून लिंग, मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची आणि तिशीच्या आसपासच पूर्णत्वाने सांधणाऱ्या गळपट्टीच्या हाडाच्या टोकावरून तारुण्याचा टप्पा अजमावता येतो. बालकाच्या अस्थींवरून लिंगनिर्णय करणे मात्र धाडसाचे, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इनामगावी केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन प्रौढांचे पाय घोट्यापासून छेदून त्यांचे दफन केल्याचे उघडकीस आले, तेही हाडांच्याच साक्षीने. म्हणून वाचकहो, कोठे अस्थी दिसल्या, तर त्या न हलवता प्रथम पोलिसांना वर्दी द्यावी.