कासवीची दृष्टी आणि नदीची वाळू

कासवीची दृष्टी हा शब्दप्रयोग आपल्या जुन्या घरांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. कासवी पिलांना दूध पाजीत नाही, नुसत्या नजरेने वाढविते, अशी ती कल्पना. कीर्तनकारांनी ती गुरुकृपेला लावली. कल्पना गोड खरी, पण कासवीचा व्यवहार रोकडा असतो. ती काठावर येते, वाळू उकरते, अंडी घालते, वर वाळू लोटते आणि पाण्यात निघून जाते. पुढचे आईपण वाळूने करावयाचे. उन्हाने तापलेल्या वाळूच्या उबेत पिले घडतात.

म्हणून निपाणीकडे जाताना यमगर्णीच्या पुलावरून वेदगंगा दिसली, की माझी नजर पाण्याआधी काठाकडे जाते. वेदगंगा भोजजवळ दूधगंगेला मिळते, दूधगंगा पुढे कृष्णेला. या कृष्णेच्या खोऱ्यातले एक मऊ पाठीचे कासव आज नामशेष होण्याच्या वाटेवर आहे. देवळातले दगडी कासव येथे डोळ्यांपुढे आणू नये. याच्या पाठीवर कठीण खवले नाहीत. चामड्यासारखी सपाट कातडी आणि सोंडेसारखे निमुळते नाक. पिलाच्या पाठीवर डोळ्यांसारखे चार-सहा ठिपके असतात. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ साली पुण्याच्या नमुन्यावरून त्याचे वर्णन केले आणि नाव दिले डॉ. लीथ यांचे. गाव पुणे, नाव साहेबाचे!

दक्षिण भारताच्या नद्यांबाहेर हे कासव जगात कोठेही नाही. तीस वर्षांत त्याची संख्या ९० टक्क्यांनी घटली, असा सरकारी अंदाज आहे. मांसासाठी व व्यापारासाठी ते बेसुमार पकडले गेले. २०२१ मध्ये त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. २०२२ मध्ये पनामा येथील परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी झाली.

उत्तम झाले. पण परदेशी निघालेले कासव कायद्याने अडविता येते. रात्री ट्रॅक्टरमधून निघालेली वाळू कोण अडविणार? तिच्यासंगे अंडीही जातात. वरच्या अंगाला धरणे झाल्यामुळे नवी वाळूही पूर्वीसारखी वाहून येत नाही. धरणे हवीत, ऊसही हवा. मीही त्याच साखरेचा चहा पितो. परंतु घराच्या गिलाव्यासाठी नदीचा काठच खरवडून न्यावा, हे मला पटत नाही.

१९५६ पासून या भागात सीमेचा वाद आहे. वेदगंगा मात्र कागल तालुक्यातून निपाणीकडे कोणाला न विचारता जाते. कोल्हापूर व बेळगाव या दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी एकत्र बसून वाळूचे चार काठ तरी राखून ठेवावेत आणि तेथे फावडे लागू देऊ नये. जाळ्यात कासव आले तर कोळीबांधवांनी ते तेथेच पाण्यात सोडावे.