पावली : पायांनी करायचे ध्यान

ध्यान म्हटले की डोळे मिटून, मांडी घालून बसलेली मूर्ती आपल्यापुढे उभी राहते. परंतु चालता-हलताही चित्त स्थिर होते, असे मानणाऱ्या परंपरा जगात अनेक आहेत. बौद्ध भिक्षू चंक्रमण करतात. म्हणजे प्रत्येक पावलाचे भान ठेवून सावकाश येरझारा घालतात. चीनमधील 'ताई ची' या संथ व्यायामप्रकाराला युनेस्कोने २०२० साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्या दाराशी असलेली अशीच एक साधना म्हणजे वारकऱ्यांची पावली.

आमचा आदिलाबाद जिल्हा १९५६ पर्यंत मराठवाड्याबरोबर हैदराबाद राज्यात होता. आज पैनगंगेच्या पलीकडे महाराष्ट्र आणि अलीकडे तेलंगणा असला, तरी माझ्या गावच्या देवळात सायंकाळी हरिपाठ मराठीतच होतो. टाळकरी समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात. मध्ये वीणेकरी, शेजारी मृदंग. सर्वांत साधी पावली अशी : उजवा पाय पुढे टाकायचा, डावा त्याला मिळवायचा, गुडघ्यात किंचित वाकायचे आणि तेवढेच मागे यायचे. मुखाने नाम, हाताने टाळ, पायाने ठेका. आरंभी लय विलंबित असते, मग हळूहळू चढते.

यात ध्यान ते कोठे? विचार करता असे दिसते की वाणी, हात व पाय ही तिन्ही एकाच ठेक्याला बांधली गेल्यावर मनाला भटकायला वाव उरत नाही. मन जरा बाजारात गेले की पाऊल चुकते. पाऊल चुकले की मन परत येते. शिवाय येथे कोणी एकटा नसतो. शेजाऱ्याच्या पुढे जायचे नाही आणि मागेही राहायचे नाही, यातच 'मी'पणा झिजतो.

हे मला पुस्तकातून कळले नाही. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी आठ मित्रांना पावली शिकवण्याचे काम मी अंगावर घेतले. कार्यक्रम उठून दिसावा म्हणून आरंभापासूनच द्रुत लय धरली. एकाचे पाऊल वारंवार चुके. एके दिवशी मी त्याला सर्वांदेखत टाकून बोललो. गावचे वृद्ध वीणेकरी आजोबा तालीम पाहावयास आले होते. ते काही बोलले नाहीत. उठले आणि त्या मुलाच्या पाया पडले. मग माझ्याही पडले. वारकऱ्यांत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, हे मला ठाऊक होते. पण त्या दिवशी मान वर करवेना. दुसऱ्या दिवशी आम्ही लय उतरवली आणि त्या मित्राला रांगेच्या टोकाऐवजी मधोमध घेतले. दोन्ही बाजूंच्या पावलांनी त्याला चार दिवसांत शिकवले, मी नव्हे.

शिकवणाराची कसोटी येथेच लागते. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. तेथे कीर्तन-प्रवचनाचे रीतसर शिक्षण मिळते. आमच्या खेड्यात मात्र पावलीला ना परीक्षा, ना प्रमाणपत्र. शेवटी उभे राहायचे आणि पाहत पाहत शिकायचे. आमच्याच भागातील मार्लवाईचे कनक राजू यांनी गोंड तरुणांना गुसाडी नृत्य शिकवले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गुसाडीचा वेश धारण केलेल्यास त्या दिवसांत देवरूप मानतात. म्हणजे तेथेही नृत्य ही करमणूक नसून व्रतच आहे.

आमच्या कन्नड विभागाच्या बंधुभगिनींना यावरून पुरंदरदास आठवतील. सोळाव्या शतकातल्या या हरिदासाची मुद्रा 'पुरंदरविठ्ठल' अशीच आहे. भाषा दोन, विठ्ठल एक.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. प्रत्येक देण्याची नोंद कोठेतरी घेण्याची आम्हांस सवय. पण पावली शिकवताना एक गोष्ट ध्यानी आली : दिले किती आणि मिळाले किती, हे मोजू लागताच ठेका सुटतो. वाचकांनी एकदा तरी अशा रांगेत शेवटी उभे राहून पाहावे. पाऊल चुकले तर लाजू नये. शेजारचा सांभाळून घेतो.