गडग्यावरचा फणस

मराठीत राग येतो, किळस येते, तिरस्कार वाटतो. द्वेष मात्र करावा लागतो. आकस धरावा लागतो, डूखही धरावा लागतो. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवताना ही क्रियापदं मी कितीदा फळ्यावर लिहिली असतील. पण धरलेली गोष्ट धरून ठेवायला रोज किती कष्ट पडतात, ते मला परसदारी कळलं. मी ते कष्ट तेवीस वर्षं घेतले.

आमचं घर कुडाळ तालुक्यात. १९९६च्या पावसात आमच्या आणि चुलत दिरांच्या परड्यांमधला गडगा ढासळला. भाऊजींनी तो दिवाळीनंतर पुन्हा रचून घेतला, तेव्हा तो दोन हात आमच्या बाजूला सरकला आणि आमच्या मिस्टरांनी लावलेलं फणसाचं कोवळं झाड पलीकडे गेलं. त्याला तेव्हा फळही धरलं नव्हतं. आधी तोंडातोंडी झाली, मग कोर्ट, मग तारखा. २०११ मध्ये मिस्टर गेले. दाव्यात पुढे काही उरलं नाही, पण माझ्यात उरलं.

भाऊजी किती वाजता खोकत उठतात, विहिरीवर कोणती कळशी नेतात, कोणत्या एसटीने बाजाराला जातात, सगळं मला पाठ. चुलीशी बसलं की खिडकीतून गडगा दिसायचा. मिस्टर हयात असताना त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ मी विसरायची, पण भाऊजींची एसटी कधी विसरले नाही.

श्रावणात देवळात भागवत सांगायला बुवा येतात. एका वर्षी त्यांनी शिशुपाल घेतला. शंभर अपराध पोटात घातल्यावर कृष्णाने त्याचं मस्तक उडवलं, इथपर्यंत सगळ्यांना माहीत. पुढचं ऐकून मात्र बायकांनी पदर तोंडाला लावले. त्याचं तेज कृष्णातच मिसळलं. सातव्या स्कंधात युधिष्ठिर नारदाला हेच विचारतो, की जन्मभर शिव्या देणाऱ्याला ही गती कशी? नारद म्हणतात, कारण त्याचं चित्त एक क्षण कृष्णावरून हललं नाही. विरोधभक्ती म्हणतात ती हीच. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायातही गोपींच्या प्रेमाच्या पंक्तीला कंसाचं भय आणि शिशुपालाचं वैर बसवलेलं आहे. मी मनात म्हटलं, शिशुपालाचं नशीब थोर, त्याने द्वेषाला माणूस तरी बरा निवडला. मी ध्यान कुणाचं करत होते? दोन हात जमीन सरकवणाऱ्या एका म्हाताऱ्याचं.

नारदांनी तिथे कुंभारीण माशीचा दाखला दिला आहे. ती अळीला मातीच्या घरट्यात कोंडते. अळी भीतीने, संतापाने तिचंच चिंतन करत राहते आणि शेवटी कुंभारीणच होते. शाळेत शिक्षक कमी पडले की विज्ञानाचे तासही मी घ्यायची, त्यामुळे मला खरा प्रकार ठाऊक होता. अळी कुंभारीण होत नाही, कुंभारणीचं पिल्लू तिला खातं आणि तेच घरटं फोडून बाहेर येतं. बाहेरून बघणाऱ्याला आत अळी गेलेली दिसते आणि माशी निघालेली दिसते, एवढंच. त्याच सुमारास वाडीतल्या पोरांचा चेंडू परड्यात आला. मी तो दिला नाही. म्हटलं, ‘माझ्या जागेत माझी मर्जी.’ मुलगी ओटीवर तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘आई, हे काकांचं वाक्य.’

योगसूत्रांत पाच क्लेश सांगितले आहेत, त्यांत द्वेष आहे. पतंजली त्याची जात दुःखाशी जोडतात. दुःख भोगून झालं तरी त्याचा माग राहतो आणि द्वेष त्या मागावरून चालतो. गंमत म्हणजे तिथे द्वेषाच्या जोडीला ‘राग’ आहे, पण त्याचा अर्थ आसक्ती. मराठीत येता येता या शब्दाने कूस कशी बदलली, ते भाषेच्या जाणकारांनी सांगावं. मला मात्र दोन्ही अर्थ लागू पडत होते. कारण खरं सांगायचं तर तो द्वेष मला हवा होता. मिस्टर गेल्यावर घरात त्यांच्या काळातलं, त्यांच्या बाजूचं, एवढंच उरलं होतं. तो सोडणं म्हणजे त्यांना कोर्टात एकटं सोडून येण्यासारखं वाटायचं.

ते गेले त्या वर्षी मी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायला नारळ घेऊन गेले. द्वेष देवळात न्यायचा नसतो असं शहरातल्या माणसांना वाटतं. आमच्याकडे तो उघड नेतात, देवापुढे ठेवतात आणि चार माणसं साक्षीला असतात. मला भाऊजींचं वाटोळं हवं होतं. तोंडाने मी ‘न्याय’ म्हटलं. मानकरी जुने, सगळं ओळखून. त्यांनी सुरू केलं, ‘बा देवा म्हाराजा! ह्या दोन घरांत ज्येचा चुकला आसात, तेका सुबुद्धी दी, आणि दोनय घरां नांदती ठेव!’ मागून सगळे म्हणाले, ‘व्हय म्हाराजा!’ मला भयंकर संताप आला. नारळ माझा आणि मागणं दोघांचं! दुपारभर मी धुसफुसत होते. रात्री आठवलं, की तीस वर्षं रोज शाळेत मुलांकडून मी पसायदान म्हणवून घेतलं. त्यात ज्ञानदेव दुष्टांचा नाश मागत नाहीत, दुष्टपणा जावा म्हणतात. ज्याचं घर वाळीत टाकलं गेलं, तो मुलगा हे मागतो. मानकऱ्यांनी त्याहून वेगळं काय केलं होतं? तरीही राग गेला नाही, हेही सांगून टाकते.

क्षमेबद्दल जे सोपं करून बोलतात त्यांच्याशी माझं जमत नाही. पाचव्या शतकातले बौद्ध आचार्य बुद्धघोष मला जास्त जवळचे वाटले. मुलीने विशुद्धिमार्गाविषयीचं एक पुस्तक आणलं होतं, त्यात मैत्रीभावना कशी करावी ते होतं. सुरुवात वैऱ्यापासून करू नका, असं ते बजावतात. आधी स्वतः, मग आदराचं माणूस, मग ना प्रेमाचं ना वैराचं असं कुणी, आणि वैरी अगदी शेवटी. तिथे अडलात तर एकामागून एक उपाय दिले आहेत. सगळे थकले की शेवटचा उपाय अगदी व्यवहारी: त्याला काहीतरी द्या, किंवा त्याच्याकडून काहीतरी घ्या. मी पुस्तक मिटलं. कारण दर मे महिन्यात आमची जाऊ एक पिकलेला फणस गडग्यावर आणून ठेवायची. काही बोलायची नाही. आम्ही त्याला हात लावत नव्हतो. मिस्टर म्हणायचे, ‘आपल्याच झाडाचा फणस आपल्यालाच भीक?’ तो तिथेच फुटायचा, घोंघावणाऱ्या माश्या दिसायच्या, मग गुरं खायची. मी खिडकीतून बघून म्हणायची, बरकाच असणार, लिबलिबीत.

२०१९ मध्ये चतुर्थीला पाच दिवस असताना भाऊजी गेले. तेवीस वर्षं मी त्यांच्याशी शब्द बोलले नव्हते, पण सुतकाला ते माहीत नसतं. भावकीत दहा दिवस म्हणजे दहा दिवस. आमचा गणपती मूळघरात, सामाईक. कोर्ट चालू असतानाही एका चौरंगापुढे भाऊजींच्या हाती घंटा आणि मिस्टरांच्या हाती तबक असायचं, एकमेकांकडे न बघता. त्या वर्षी चतुर्थीला चौरंग रिकामा राहिला. ज्यांचं तोंड बघायचं नव्हतं त्यांच्यासाठी मी देवाला शिवत नव्हते. पहाटे साडेपाचला जाग यायची आणि खोकला ऐकू यायचा नाही. मला पुन्हा झोप लागायची नाही.

पुढच्या मे महिन्यात गडग्यावर फणस आला. मी दुपारपर्यंत तिकडे गेले नाही. मग गेले. हाताला आणि विळीला खोबरेल लावून ओटीवर बसले. फणस उभा चिरला, चीक पुसला. गरे पिवळेधमक, कडक, बोटाने दाबून दबेनात.

कापा होता.