घटक ४ : परक्या कार्यप्रणालीवर जुना मराठी मजकूर

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• एका कार्यप्रणालीसाठी तयार केलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या कार्यप्रणालीवर थेट का चालत नाही, हे सांगता येईल.
• ते चालवण्याच्या तीन पद्धतींमधील भेद स्पष्ट करता येईल.
• जुन्या फाँटमधील मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणताना घ्यावयाची भाषिक दक्षता लक्षात येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, पुढील प्रसंग कल्पून पाहा. पनवेल परिसरातील एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी आगरी समाजातील धवला हा विषय निवडला आहे. लग्नविधीत धवलारीण ही गीते म्हणते आणि ती प्रामुख्याने मौखिक परंपरेने टिकून आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी कोणीतरी संगणकावर उतरवून ठेवलेला अशा गीतांचा संग्रह तिला एका सीडीवर मिळतो. धारिका उघडते, परंतु पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि निरर्थक चिन्हे यांची गर्दी दिसते. ज्यांच्या तोंडून ती गीते घेतली, त्या स्त्रिया आज हयात नसतील, तर ही धारिका हाच एकमेव पुरावा ठरतो. तो वाचता येणे किंवा न येणे हा प्रश्न वरकरणी तांत्रिक असला, तरी मुळात तो भाषाभ्यासाचाच आहे.

४.२ सॉफ्टवेअर परक्या प्रणालीवर का चालत नाही?

कोणतेही सॉफ्टवेअर संगणकाकडून स्वतः थेट काम करवून घेत नाही. धारिका उघडणे, कळफलकावरील कळ ओळखणे, पडद्यावर अक्षर रेखाटणे या प्रत्येक कामासाठी ते कार्यप्रणालीकडे, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिमकडे, विनंती करते. विंडोज, लिनक्स आणि मॅक या प्रणालींमध्ये अशा विनंत्यांची नावे, क्रम आणि संकेत वेगवेगळे आहेत. विंडोजसाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरची विनंती लिनक्सला कळत नाही. यंत्र तेच असले, तरी व्यवहाराची भाषा बदललेली असते.

४.३ तीन पद्धती

(अ) दुभाष्याची पद्धत : विंडोजच्या विनंत्या ऐकून त्यांचे लिनक्सला समजणाऱ्या विनंत्यांमध्ये रूपांतर करणारा एक थर मध्ये ठेवला जातो. ‘वाइन’ हे या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्याचे काम १९९३ मध्ये सुरू झाले आणि १.० ही आवृत्ती २००८ मध्ये आली. एवढी वर्षे लागली, यावरून विनंत्यांचा हा कोश किती विस्तृत आहे याची कल्पना येते. येथे विंडोज स्वतः बसवावे लागत नाही. मात्र ज्या विनंतीचे रूपांतर झालेले नाही, तेथे सॉफ्टवेअर अडते.

(आ) आभासी यंत्राची पद्धत : ‘व्हर्च्युअलबॉक्स’सारख्या साधनाने संगणकातच दुसरा काल्पनिक संगणक उभा करून त्यात संपूर्ण विंडोज बसवले जाते. घरात पाहुण्याला स्वतंत्र चुलीसह खोली द्यावी, तसा हा प्रकार आहे. ही पद्धत अधिक भरवशाची, परंतु अधिक स्मृती व्यापणारी आहे. शिवाय त्या विंडोजचा रीतसर परवाना आवश्यक असतो.

(इ) अनुकरणाची पद्धत : येथे जुन्या यंत्राच्या घटकांचीच सॉफ्टवेअरद्वारे नक्कल केली जाते. डॉसवरील जुनी सॉफ्टवेअर चालवणारे ‘डॉसबॉक्स’ हे त्याचे उदाहरण.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नवे विंडोज जुन्या विंडोजचे सर्व काही चालवतेच असे नाही. ६४-बिट विंडोजवर १६-बिट सॉफ्टवेअर चालत नाही. ‘वाइन’वर मात्र त्यांतील काही चालू शकते. म्हणजे परका कधी घरच्यापेक्षा जुनी भाषा अधिक जाणतो.

४.४ मराठीपुढील विशेष अडचण

भारतीय लिप्यांचे संगणकीकरण टप्प्याटप्प्याने झाले. कानपूरच्या आयआयटीतील संशोधनातून जिस्ट तंत्रज्ञान पुढे आले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ते वाढवले. डॉसच्या काळात त्यासाठी संगणकात जिस्ट कार्ड बसवावे लागे. अशा कार्डावर विसंबलेले सॉफ्टवेअर केवळ डॉसच्या अनुकरणाने चालत नाही, कारण कार्ड तेथे नसते. पुढे यंत्राला कुलूप, म्हणजे डोंगल, जोडल्याशिवाय न उघडणारी सॉफ्टवेअरही आली. तेथेही हीच अडचण येते.

१९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की हे संकेतन प्रमाणित केले. तथापि डीटीपी व्यवसायात श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींचे स्वतंत्र फाँट रूढ झाले. आठ बिटांच्या संकेतनात २५६ जागा असतात. त्या मूळ रोमन अक्षरे व चिन्हे यांच्यासाठी असताना, तेथे देवनागरीचे तुकडे बसवले गेले : अर्धा त, वेलांटी, रफार, काना. कोणता तुकडा कोठे बसवायचा, हे प्रत्येक निर्मात्याने आपापले ठरवले. म्हणून धारिकेत प्रत्यक्षात रोमन संकेतच साठवलेले असतात आणि योग्य फाँट नसेल तर तेच दिसतात.

यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. साध्या धारिकेसाठी संपूर्ण सॉफ्टवेअर चालवण्याची गरज नसते. मूळ फाँट बसवला की मजकूर कोणत्याही प्रणालीवर दिसू शकतो. पेजमेकरच्या धारिका लिब्रे ऑफिसमध्ये २०१५ पासून उघडता येतात, जरी मांडणी तंतोतंत राहिलेली नसली तरी. हे उपाय थकल्यावरच ‘वाइन’ आणि त्यानंतर आभासी यंत्र, हा क्रम सोयीचा आहे. नव्याने टंकलेखन करायचे झाल्यास मात्र अडचण वाढते. जुन्या प्रणालींचे कळफलक-साधन विंडोजच्या अंतर्भागात गुंतलेले असल्याने ‘वाइन’मध्ये ते अनेकदा नीट चालत नाही.

४.५ युनिकोडमध्ये रूपांतर : भाषिक दक्षता

मजकूर दिसू लागला, तरी तो शोधता येत नाही आणि अकारविल्हे लावता येत नाही. त्यासाठी युनिकोडमध्ये रूपांतर हवे. हे रूपांतर म्हणजे एका चिन्हाच्या जागी दुसरे ठेवणे नव्हे. जुने फाँट दिसण्याचा क्रम पाळतात, तर युनिकोड मुख्यतः उच्चाराचा. ‘किती’ शब्दात जुन्या फाँटमध्ये आधी पहिली वेलांटी आणि मग क येतो; युनिकोडमध्ये क आधी येतो. ‘मार्ग’ शब्दातील रफार फाँटमध्ये ग नंतर साठवला जातो. युनिकोडमध्ये र् हा ग च्या आधी असतो.

मराठीत याखेरीज एक नाजूक भेद आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरी या शब्दाचे अनेकवचन. रूपांतर-साधनाने ऱ्य ओळखला नाही, तर डोंगरातील दऱ्यांचा दर्या होईल. खाडी आणि डोंगर दोन्ही असलेल्या रायगड जिल्ह्यातील गीतांत असा बदल वाचकाच्या लक्षातही येणार नाही.

बोलीच्या मजकुरात आणखी एक धोका संभवतो. शुद्धलेखन-तपासनीस ‘पानी’चे ‘पाणी’ करून टाकतो आणि आपण अभ्यासत असलेले बोलीचे वैशिष्ट्यच पुसले जाते. म्हणून पुढील पथ्ये पाळावीत : मूळ धारिकेची प्रत न बदलता जपावी, फाँटचे नाव नोंदवावे, मूळ रूपातील छापील प्रत काढावी, रूपांतरित मजकूर तिच्याशी ओळीने ओळ ताडून पाहावा, स्वयंचलित शुद्धलेखन बंद ठेवावे.

४.६ सारांश

परक्या प्रणालीवर सॉफ्टवेअर चालवण्याचे दुभाषी थर, आभासी यंत्र आणि अनुकरण असे तीन मार्ग आहेत. जुन्या मराठी मजकुराच्या बाबतीत ते दारापर्यंत नेतात. पुढील काम लिपी आणि बोली जाणणाऱ्या अभ्यासकाचे आहे. विद्यार्थिनीच्या सीडीतील एखादा शब्द कोणत्याही कोशात नसेल, तर तो बरोबर उतरला की नाही, हे यंत्र सांगू शकणार नाही. ते तिलाच, शक्य तर एखाद्या जाणत्या धवलारणीला विचारून, ठरवावे लागेल.

४.७ स्वाध्याय

१. दुभाषी थर आणि आभासी यंत्र यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. जुन्या फाँटमधील मजकूर रोमन अक्षरांत का दिसतो?
३. ‘मार्ग’, ‘किती’ आणि ‘दऱ्या’ या शब्दांच्या आधारे रूपांतरातील अडचणी लिहा.
४. आपल्या घरी किंवा ओळखीच्या ठिकाणी असलेली जुनी मराठी धारिका मिळवा. तिचा फाँट ओळखून एका परिच्छेदाचे युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि आढळलेल्या चुकांची यादी करा.