दाखल्याचा पत्ता सापडेना!

*भल्यामोठ्या वेबसाइटवर कुठली गोष्ट कुठं ठेवायची, हे ठरवतं कोण? ती बनवणारे की वापरणारे? ४० कार्डं आणि एक सतरंजी घेऊन चाकूरमध्ये मांडलेला हा डाव.*

एक छोटीशी टेस्ट. तुमच्या कंपनीच्या इंट्रानेटवर मेडिक्लेमचा फॉर्म कुठं आहे? ‘एचआर’मध्ये? ‘फायनान्स’मध्ये? की ‘एम्प्लॉयी वेलनेस’ नावाच्या, योगासनं करणाऱ्या हसऱ्या बाईचा फोटो असलेल्या त्या पानावर? खरं सांगा, तुम्ही शोधतच नाही. शेजारच्या क्युबिकलमध्ये डोकावून विचारता, "ए, तो फॉर्म कुठं असतो रे?" तो लिंक पाठवतो. विषय संपला.

आता अशी कल्पना करा की शेजारी क्युबिकलच नाही. बारावीचा निकाल लागलाय, इंजिनीअरिंगच्या प्रवेशाच्या तारखा डोक्यावर आहेत आणि नॉन-क्रीमीलेयर वेळेत हातात आलं नाही तर राखीव जागेवरचा हक्क जाऊन थेट ओपनमधून स्पर्धा करायची आहे. दाखल्याचा अर्ज ऑनलाइन आहे, म्हणजे तसा तो खिशातल्या फोनवरच आहे. फक्त तो कुठल्या कप्प्यात आहे ते ठाऊक हवं.

हे कप्पे कसे पाडायचे याचं एक अगदी घरगुती वाटणारं तंत्र आहे. नाव, कार्ड सॉर्टिंग. वेबसाइटवरची एकेक गोष्ट एकेका कार्डावर लिहायची. कार्डं पत्त्यांसारखी पिसून वापरणाऱ्याच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "तुम्हाला जे एकत्र असावंसं वाटतं ते एकत्र ठेवा, आणि प्रत्येक ढिगाला तुमच्या शब्दांत नाव द्या." हा झाला खुला प्रकार. ढिगांची नावं आधीच देऊन "यातल्या कशात काय जाईल?" असं विचारलं की तो बंद प्रकार. बस्स. लॅपटॉपसुद्धा लागत नाही. (अर्थात आता ऑनलाइन टूल्स आहेत, पण समोर बसलेल्या माणसाचं पुटपुटणं त्यात ऐकू येत नाही, आणि खरा माल त्या पुटपुटण्यात असतो.)

फंडा नवा नाही. १९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या कंपनीअंतर्गत वेबसाइटसाठी जेकब निल्सन आणि मंडळींनी हीच कार्डं वापरली होती. तेव्हा वेब म्हणजे काय हे आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नव्हतं. आणि वर्गीकरणाचं म्हणाल तर आपले एस. आर. रंगनाथन १९३१ मध्येच ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहून मोकळे झाले होते. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. माझ्या मते हा नियम फ्रेम करून प्रत्येक वेब टीमच्या भिंतीवर लावायला हवा.

चाकूर हे माझं आजोळ. लातूर-नांदेड रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. लोकसभेचे माजी सभापती शिवराज पाटील चाकूरकर यांचं गाव म्हणून तुम्ही नाव ऐकलं असेल, किंवा इथल्या बीएसएफच्या प्रशिक्षण केंद्रामुळं. मामाची मुलगी यंदा बारावीला. ओबीसी. त्यामुळं घरात ‘कागदपत्रं’ हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. म्हटलं, डाव मांडायला याहून चांगली जागा नाही. ‘आपले सरकार’, महाभूलेख आणि महाडीबीटी अशा सरकारी संकेतस्थळांवरून ४० गोष्टी निवडल्या, कार्डावर उतरवल्या आणि ओसरीवर सतरंजी अंथरली.

एक पथ्य इथं पाळावं लागतं. ‘जातीचा दाखला’, ‘उत्पन्नाचा दाखला’, ‘ऐपतीचा दाखला’ असं लिहिलं की लोक शब्द बघून ढीग लावतात, कामाकडं बघतच नाहीत. सगळे दाखले एकीकडं, सगळी प्रमाणपत्रं दुसरीकडं. म्हणून काही कार्डांवर नावाऐवजी काम लिहिलं होतं, ‘घरात वर्षाला किती पैसे येतात त्याचा सरकारी कागद’ असं. ‘ऐपतीचा दाखला’ मात्र मुद्दाम तसाच ठेवला. बहिणीनं तो उचलला, वाचला आणि विचारलं, "ही काय टोमणा मारायची स्कीम आहे का?"

तिनं अर्ध्या तासात चार ढीग लावले. ‘अ‍ॅडमिशनच्या आधी’, ‘अ‍ॅडमिशनच्या वेळी’, ‘स्कॉलरशिप’ आणि ‘मला काय करायचंय’. चौथ्या ढिगात अख्खी शेतीवाडी गेली. पण उत्पन्नाच्या कार्डाशी ती अडली. हे नॉन-क्रीमीलेयरसाठी आधी लागतं, तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं ना. आणि स्कॉलरशिपलाही लागतं. शेवटी तिनं वहीचा कागद फाडून त्या कार्डाची दुसरी प्रत केली आणि दोन्हीकडं ठेवली. कार्ड सॉर्टिंगमध्ये याला परवानगी असते, किंबहुना अशा दोन-दोन प्रती झालेल्या कार्डांकडं जास्त लक्ष द्यायचं असतं. जी गोष्ट लोक दोन ठिकाणी शोधतात, ती दोन्ही ठिकाणांहून सापडायला हवी.

मामाचा खाक्याच वेगळा. त्यानं ढीग लावले ते जायच्या जागेवरून. ‘तलाठी’, ‘तहसील’, ‘प्रांत’, ‘लातूर’. (तलाठ्यांचं पदनाम २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण ओसरीवर ते अजून पोचलेलं नाही.) गावाकडच्या जुन्या घराची ग्रामपंचायतीतली नोंद म्हणजे नमुना ८, आणि जमिनीच्या खात्याचा उतारा म्हणजे ८-अ. बहिणीनं ही दोन्ही कार्डं एकत्र ठेवली होती, "आठवाले" म्हणून. मामानं बघितलं आणि हसला. "अगं, एक घराचं, एक रानाचं. दोन्हीचा एकमेकाशी काय संबंध?" काही नाही. फक्त आकडा सारखा.

या आकड्यांचीही गंमत आहे. महसूल खात्याच्या दप्तरात गाव नमुने १ ते २१ असतात. सहावा फेरफाराचा, सातवा अधिकार अभिलेखाचा, बारावा पिकांच्या नोंदीचा. आतल्या माणसांसाठी लावलेली ही आतली मांडणी. लोकांनी त्यातले दोन आकडे उचलले, जोडले आणि ‘सातबारा’ हा शब्द केला. आता वेबसाइटवर ‘अधिकार अभिलेख पत्रक’ कितीही ठळक लिहा, डोळा शोधतो तो ‘७/१२’. कार्ड सॉर्टिंगमध्ये लोकांना ढिगांची नावं द्यायला लावतात ते यासाठीच. मेन्यूवरचे शब्द तिथून उचलायचे.

मामी आधी बसायलाच तयार नव्हती. "मला काय कळतंय त्यातलं? पोरीला विचार." मग भाजी निवडता निवडता एक कार्ड उचललं, दुसरं उचललं आणि तिची मांडणी सगळ्यांत लवकर झाली. ‘लेकरांचं’, ‘सासूबाईचं’, ‘रानाचं’, ‘माझं’. श्रावणबाळ योजना सासूबाईंकडं. ‘माझं’मध्ये एकच कार्ड, २०२४ ची लाडकी बहीण. तिच्या लेखी खातं हा प्रकारच नाही, माणूस आहे.

आता सरकारी पोर्टलची मांडणी बघा. ‘आपले सरकार’वर सेवा निवडायची तर आधी विभाग, मग उपविभाग, मग सेवा अशी उतरंड. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणं हा हक्क झाला, ही फार मोठी गोष्ट आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण नॉन-क्रीमीलेयर ‘महसूल’मध्ये असतं हे बारावीच्या मुलीनं कुठून ओळखावं? तिच्या लेखी तो शिक्षणाचा कागद. जात पडताळणीचं संकेतस्थळ आणखी वेगळं, कारण तो विषय सामाजिक न्यायचा. महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती उच्च शिक्षण, तंत्रशिक्षण, वैद्यकीय शिक्षण अशी प्रत्येक खात्याखाली वेगवेगळी दिसते. आणि महाभूलेखवर बरीच वर्षं सातबारा बघायला आधी महसुली विभाग निवडावा लागायचा. चाकूरच्या माणसानं जिल्हा लातूर म्हणून चालायचं नाही, आधी ‘औरंगाबाद’ निवडायचं, २०२३ मध्ये नाव बदलल्यावर ‘छत्रपती संभाजीनगर’. स्वतःच्या रानाचा उतारा बघायचा आणि सुरुवात दुसऱ्या जिल्ह्याच्या नावानं!

सर्च आहे की, असं तुम्ही म्हणाल. आहे. पण सर्चला नाव ठाऊक लागतं. ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’ हे नाव ज्याला पाठ आहे त्याचं अर्धं काम तसंही झालेलंच असतं.

संध्याकाळी मी कार्डं घेऊन बाजारातल्या एका सेवा केंद्रात गेले. तिथला मुलगा पंचविशीचा, हात की-बोर्डवर आणि तोंड गिऱ्हाइकाशी. गर्दी ओसरल्यावर त्यानं कार्डं घेतली आणि पटापटा लावली. महसूल. ग्रामविकास. सामाजिक न्याय. महिला व बालविकास. जवळजवळ पोर्टलसारखीच! दिवसभरात भेटलेल्यांपैकी वेबसाइटशी जुळला तो हा एकटाच. कारण सोपं आहे. तो तिच्यात राहतो. अशा माणसाला कार्डं देऊन मेन्यू ठरवला तर मेन्यू आहे तसाच राहणार, आणि ऑफिसांमध्ये नेमकं हेच होतं. दुपारच्या मीटिंगमध्ये चार मॅनेजर आपापल्या डिपार्टमेंटची नावं फळ्यावर लिहितात आणि त्याला नॅव्हिगेशन म्हणतात.

केंद्रातल्या बाकावर माणसं ज्यासाठी बसली होती, त्यातला टायपिंगचा भाग थोडा होता. कुठला कागद आधी, कुठला नंतर, तो कुठल्या साइटवर, कुठल्या खात्याखाली, हे विचारायला ती आली होती. म्हणजे तुमच्या शेजारच्या क्युबिकलमधला तो मित्र इथं दुकान टाकून बसलाय. त्यानं का टाकू नये? तो खरंच उपयोगाचा आहे. पण एक खेप, एक बुडालेला रोज आणि केंद्राचे पैसे ही खराब मेन्यूची किंमत आहे, आणि ती मेन्यू बनवणाऱ्याला भरावी लागत नाही.

पाच माणसांच्या कार्डांवरून कुणी राज्याची वेबसाइट बांधू नये, हे उघड आहे. मग किती जण हवेत? टॉम टुलिस आणि लॅरी वुड यांनी २००४ मध्ये फिडेलिटी इन्व्हेस्टमेंट्सच्या इंट्रानेटसाठी १६८ जणांकडून ४६ कार्डं लावून घेतली आणि मग तपासलं, की कमी माणसं घेतली असती तर उत्तर किती बदललं असतं? निल्सननं त्यावरून १५ जणांचा सल्ला दिला. त्यापुढं माणसं वाढवून हाती फार काही लागत नाही. बजेट नाही म्हणणाऱ्या बॉससाठी हा आकडा लक्षात ठेवा.

पंधरा जणांचे ढीग जमले की हिशोब साधा. कुठलीही दोन कार्डं घ्या आणि ती किती जणांनी एकत्र ठेवली ते मोजा. पंधरापैकी तेरांनी ठेवली असतील तर ती जोडी फोडायची नाही. सहा-सात जणांनीच ठेवली असेल तर तिथं मतभेद आहे, थांबून ऐकायचं. सॉफ्टवेअर याचं झाडासारखं चित्र काढून देतं. पण चित्र म्हणजे मेन्यू नव्हे. मामाचे जागेवरचे ढीग आणि मामीचे माणसांवरचे ढीग यांची सरासरी काढली तर दोघांच्याही उपयोगाचं काही निघणार नाही. कुठला धागा मुख्य आणि कुठला बाजूची वाट, हे कुणालातरी ठरवावंच लागतं. मग उलटी परीक्षा. नुसता मेन्यू कागदावर दाखवायचा आणि म्हणायचं, "नॉन-क्रीमीलेयर काढायचंय, कुठं बोट ठेवाल?" याला ट्री टेस्टिंग म्हणतात. बोट कुठं घुटमळलं ते बघायचं.

मोठ्या सरकारी साइटवर हे जमतच नाही असं नाही. ब्रिटननं २०१२ मध्ये गव्ह डॉट यूके सुरू केलं तेव्हा खात्यांची पाटी मागं घेतली आणि लोकांची कामं पुढं आणली. गाडी, घर, मूल, मृत्यू. मामीची मांडणी त्यापासून फार लांब नाही.

निघायच्या आदल्या दिवशी त्या केंद्रातल्या मुलाचा निरोप आला, बहिणीच्या ढिगांचा फोटो हवा होता. मी पाठवला. दुसऱ्या दिवशी बसला जाताना बघितलं तर काउंटरच्या काचेवर ए-फोर कागद चिकटवलेला. वर मोठ्या अक्षरात, ‘बारावीनंतरचे कागद’. खाली क्रमानं आठ नावं. उत्पन्नाचं नाव दोनदा.