पर्यटक, लपके आणि माहितीची विषमता : आग्र्याचे उदाहरण

१९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेला ताजमहाल पाहावयास येणाऱ्या पर्यटकाची गाठ अनेकदा प्रथम 'लपक्या'शी पडते. पर्यटकाच्या मागे लागणाऱ्या दलालास आग्र्यात हे नाव आहे. प्रस्तुत लेखात या व्यवहाराचे आर्थिक स्वरूप स्पष्ट केले आहे.

लपका पर्यटकास दुकानापर्यंत नेतो व दुकानदाराकडून कमिशन घेतो. ते वस्तूच्या किमतीत मिसळलेले असल्याने अखेर पर्यटकच भरतो. दुसरीकडे, २०१८ मध्ये परदेशी पर्यटकांसाठी प्रवेशशुल्क ११०० रुपये, तर भारतीयांसाठी ५० रुपये ठरले. मुख्य मकबऱ्यासाठी २०० रुपये निराळे. त्यात मार्गदर्शक व वाहन यांचा खर्च मिळविला की अधिकृत सहल महाग वाटते आणि 'स्वस्तात सर्व दाखवितो' म्हणणारा लपका जवळचा वाटतो.

ग्राहकास मालाची पारख करता येत नसेल, तर हलका माल चांगल्या मालास बाजारातून हुसकावतो, असे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखविले. येथेही खरा व तोतया मार्गदर्शक ओळखता न आल्याने प्रामाणिक परवानाधारकाचीच हानी होते.

सारांश, केवळ पोलिसी कारवाईने लपका एका दरवाजावरून दुसऱ्या दरवाजावर जातो, इतकेच. रेल्वेस्थानकावरच सर्व दर व परवान्याची खूण ठळकपणे लावणे आणि इच्छुक लपक्यास प्रशिक्षण देऊन परवाना देणे, हाच अधिक टिकाऊ उपाय ठरेल.