देवळीचा कापूस, दूरची आरमारं

वर्धा जिल्ह्यातल्या देवळीच्या कापसाचा भाव समुद्रावरची लढाऊ जहाजंही ठरवतात. वर्धेच्या खोऱ्यानं हे १८६१ पासून अनुभवलं. अमेरिकेत यादवी पेटली आणि एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. इतक्या लांब किनाऱ्यावर पहारा ठेवायला सेवेतल्या युद्धनौका होत्या जेमतेम ४०. मग व्यापारी आगबोटी विकत घेऊन त्यांवर तोफा चढवल्या. १८६५ पर्यंत आरमार ६०० जहाजांच्या वर गेलं. दक्षिणेचा कापूस अडकला; तिकडे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेना, इकडे मुंबईत भाव कडाडले. आमच्याच खोऱ्यातल्या हिंगणघाटचा कापूस एकदम मोलाचा झाला. नागपूरपर्यंत रेल्वे आली १८६७ साली, म्हणजे ऐन तेजीत इथल्या मालाची भिस्त बैलगाड्यांवरच. युद्ध संपताच भाव कोसळले. शेतकऱ्याची चूक काहीच नव्हती, हे मला फार लागतं.

दूरच्या आरमारांशी आपला संबंध आजही आहे. आज जहाजांच्या संख्येत चीनचं आरमार जगात पहिलं आहे. तेल आणि कच्चा माल समुद्रानंच येतो, म्हणून चीनला सागरी वाटा राखायच्या आहेत. २०१७ मध्ये त्यानं आफ्रिकेतल्या जिबूतीत तळ उघडला. मुंबईहून सुएझमार्गे युरोपला जाणारा माल त्या तळाजवळूनच, बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून जातो.